गवत कापण्याच्या यंत्राची कुरकुर

सोलापुरासारख्या कोरड्या मुलखांत हिरवळ वाढते ती मृगानंतर. तोंवर गवत कापण्याचें यंत्र पडवींत स्वस्थ असतें. पावसानंतर तें बाहेर काढावें, तों इंजिन धापा टाकूं लागतें. तें मोडींत घालण्याची घाई करूं नये, असें आम्ही सुचवितों. शिळ्या पेट्रोलचा हलका अंश उन्हाळ्यांत उडून जातो व उरलेला चिकट थर कार्ब्युरेटरचीं सूक्ष्म छिद्रें बुजवितो. दोष बहुधा एवढाच असतो.

प्रथम प्लगची तार काढून ठेवावी. नाहींतर पातें हातानें फिरतांच इंजिन सुरू होऊन बोटें गमावण्याचा प्रसंग यावयाचा. मग इंजिन थंड असतां, विस्तवापासून दूर, टाकी रिकामी करावी. छिद्रें साफ करावीं, हवेच्या गाळणीवरील धूळ झाडावी, प्लगची काजळी पुसावी व ताजें पेट्रोल भरावें. दिवाळीनंतर टाकी कोरडी ठेवल्यास पुढील मृगांत ही कटकट सहसा उद्भवणार नाहीं.