येर म्हणजे पाणी

पैनगंगेच्या अलीकडे, तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या एका गावात मी अंगणवाडीची टीचर आहे. नदी ओलांडली की महाराष्ट्र. माझ्या वर्गात घरी मराठी, गोंडी आणि तेलुगू बोलणारी लेकरं एकाच चटईवर बसतात.

सकाळी 8.45
कापूस वेचणीचे दिवस आहेत आणि इथली थंडी बोचरी. एक आई चार वर्षांच्या पोराला ओढतच आणते. "टीचर, लय रडते हा. मी वावरात जातो, पाहजा."
"जा माय, पण लपून नको. त्याला सांगून जा."
आई गुपचूप निघून गेली की लेकरू दिवसभर दाराकडं बघत राहतं. सांगून गेली तर रडतं, पण मग खेळायला लागतं. आई खाली बसून त्याला सांगते, "चार वाजता येतो." तो रडतो. मी जवळ बसून राहते, 'रडू नको' म्हणत नाही.

9.30
तीन वाट्या मांडते. एकीवर हसरा चेहरा काढलाय, दुसरीवर रडका, तिसरीवर रागावलेला. प्रत्येकानं एक चिंचोका टाकायचा. सकाळचा तो पोरगा रडक्या वाटीत टाकतो. "काल बकरी विकली," एवढंच म्हणतो. म्हणजे रडणं एकट्या आईसाठी नव्हतं. शेजारचा त्याच्याजवळ सरकतो. अक्षरं थोडी थांबली तरी चालतील.

11.00
मातीच्या बैलावरून भांडण, एकानं दुसऱ्याला चापट मारली. मी आधी खाली बसते, दोघांचे हात धरते. "तुला राग आला. राग येऊ दे, पण मारायचं नाही." मग तळहात पुढं करायचा. त्यावर तव्यावरची गरम भाकरी आहे असं समजायचं आणि हळूहळू फुंकर घालायची. पाचव्या फुंकरीला मूठ सैल होते. बैल कुणाचा, ते त्यानंतर ठरतं.

दुपारी 12.30
वरण, भात, अंडं. गरोदर आणि बाळंतीण बायाही इथंच जेवतात. 2015 पासून आरोग्य लक्ष्मी योजनेत त्यांना जेवणाबरोबर अंडं आणि दूध मिळतं. पोटुशी बाई शांतपणे दोन घास खाते, ते तिच्या बाळाच्याही वाट्याला जातात.
नोकरीच्या पहिल्या महिन्यात एक गोंड मुलगा सारखा "येर, येर" म्हणून रडायचा. आईची आठवण येत असेल म्हणून मी त्याला कडेवर घेऊन फिरवत राहिले. शेवटी आयाबाई म्हणाली, "टीचर, येर म्हणजे पाणी." लेकरू तहानलेलं होतं. मराठीचं पहिलं अक्षर शिकवण्याआधी मी त्या दिवशी गोंडीचा पहिला शब्द शिकले.
आज नवी आलेली एक मुलगी हळूच "येर" म्हणते. मी उठायच्या आत सकाळचा तो पोरगा आपला पेला तिच्यापुढं धरतो.

2.00
लेकरं झोपलीत. अशा वेळी मला ताराबाई मोडक आठवतात. 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू करून त्या आणि अनुताई वाघ आदिवासी पाड्यांत गेल्या आणि लेकरू शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात नेली. आपल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातलं मार्लवाईही आठवतं. मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकारानं 1943 मध्ये तिथं गोंड शिक्षक तयार होऊ लागले आणि गोंडी वाचनपुस्तकं देवनागरीत निघाली. लेकराची भाषा आधी, हे आपल्याकडं तेव्हाच उमगलं होतं.

3.00
फोनवर पोषण ट्रॅकर भरते: उंची, वजन, हजेरी. मेंदूची 85 टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते, असं 2020 च्या शिक्षण धोरणात नमूद आहे. त्या वाढीत भाताइतकाच धीरही लागतो, म्हणून माझी एक वेगळी वही आहे. आजची नोंद: 'गोंडीत मागितलं, मराठी पोरानं दिलं.'

4.00
आई येते, केसांत कापसाचे तंतू. "लय रडला का?"
"सकाळी रडला. मग त्यानं एका पोरीला आपलं पाणी दिलं."
ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवते. "उद्याबी सांगूनच जाईन, टीचर."