समुद्रावरच्या विजेचा हिशेब

लासूर स्टेशनच्या शेजारच्या वैजापूर तालुक्यात, धोंदलगाव येथे, २०२४ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतील ३ मेगावॉटचा प्रकल्प सुरू झाला आणि शेतीपंपांना दिवसा वीज मिळू लागली. मात्र रात्रीची व ढगाळ दिवसांतील गरज भागवायची, तर सूर्यास्तानंतरही वाहणाऱ्या आणि पावसाळ्यात जोर धरणाऱ्या समुद्रवाऱ्याचा विचार अपरिहार्य ठरतो.

समुद्रावरील वारा अधिक वेगवान व स्थिर असतो, आणि वेग दुप्पट झाला की त्यातील ऊर्जा आठपट होते. तथापि समुद्रतळात रोवायचा पोलादी पाया, पाण्याखालील केबल, अजस्र पाती उचलणारी खास जहाजे आणि खवळलेल्या पाण्यातील दुरुस्ती यांमुळे भांडवली खर्च जमिनीवरील पवनचक्कीच्या दुपटीहून अधिक होतो.

डेन्मार्कने १९९१ मध्ये विंडेबी येथे ११ पवनचक्क्यांनी आरंभ केला. यंत्रे मोठी होत गेली, अनुभव वाढला आणि २०१० ते २०२३ या काळात जागतिक सरासरी उत्पादनखर्च सुमारे ६० टक्क्यांनी उतरला. तरीही साहित्य व कर्ज महागल्याने २०२३ च्या ब्रिटिश लिलावात या विजेसाठी एकही बोली आली नाही.

भारत सरकारने जून २०२४ मध्ये ७,४५३ कोटी रुपयांचा व्यवहार्यता तूट निधी, म्हणजे न परवडणारा खर्च भरून काढणारे अनुदान, मंजूर केला. त्यातून गुजरात व तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर प्रत्येकी ५०० मेगावॉटचे प्रकल्प अपेक्षित आहेत. १९७४ मध्ये मुंबई हायला तेल सापडल्यापासून भरसमुद्रात फलाट उभारण्याचे कौशल्य महाराष्ट्राजवळ आहे. ते या कामी आजच वळवणे राज्याच्या हिताचे आहे.