मोतीला घर हवंय!

वर्सोव्याला यारी रोडवरच्या आमच्या सोसायटीतलं एक कुटुंब घर बदलून गेलं आणि सहा वर्षांचा मोती गेटपाशीच राहिला. पाळलेलं जनावर असं सोडून देणं १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पण लक्षात कोण घेतो? चार दिवस तो थांबणाऱ्या प्रत्येक रिक्षात डोकावत होता. शेवटी मीच त्याला वर आणलं.

घर शोधायला लागले, तर ज्याला त्याला पिल्लूच हवं! "मोठा कुत्रा लळा लावतो का हो?" लावतो की! शिवाय चपला कुरतडायचं वय सरलेलं, स्वभावही कळलेला. मोती फटाक्यांना घाबरतो, मांजर दिसलं की वेडा होतो, हे मी प्रत्येकाला आधीच सांगत गेले. लपवलं की आठवड्याभरात परत येतो. रेबीजची लस टोचली, नसबंदीही करून घेतली. मुंबईत १९८५ पासून काम करणाऱ्या 'वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज'सारख्या संस्थाही कुत्रे दत्तक देतात.

अखेर सात बंगल्याच्या एक निवृत्त नर्सबाई म्हणाल्या, "पिल्लामागे धावायचं माझं वय नाही, मला असाच हवा." दोनदा भेट घडवली, मग त्याची गोधडी आणि नेहमीचं खाणं बरोबर दिलं. मैत्रिणींनो, नव्या घरी कुत्रा पलंगाखाली लपला तर ओढून काढू नका. आंघोळ नको, पाहुणे नकोत. दार मात्र बंद हवं, नाहीतर जुन्या घराच्या ओढीनं पळतो.

पाचव्या दिवशी बाईंचा फोन आला, "अहो, आज पोळीसाठी ओट्याशी येऊन बसलाय!"