दोन व्हर्च्युअल मशीन, एक डिस्क: ही जोडणी इतकी नाजूक का असते?

बँकेचा किंवा रुग्णालयाचा डेटाबेस चालवणारा सर्व्हर मध्यरात्री बंद पडला, तरी सकाळी खिडकीसमोर उभ्या असलेल्या माणसाला बहुतेक वेळा ते कळतही नाही. शेजारी दुसरा सर्व्हर तयारीत असतो. पहिला गप्प झाला की थोड्याच वेळात तो काम हाती घेतो. अशा जोडीला क्लस्टर म्हणतात आणि त्यातल्या प्रत्येक संगणकाला नोड. आता हे नोड अनेकदा व्हर्च्युअल मशीन असतात, म्हणजे एखाद्या मोठ्या संगणकावर (त्याला होस्ट म्हणतात) सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक.

दुसऱ्या नोडला काम पुढे न्यायचं तर त्याला तोच डेटा मिळायला हवा. म्हणून दोघांना एकच डिस्क जोडतात. व्हर्च्युअल मशीनची डिस्क म्हणजे बहुतेक वेळा होस्टच्या साठवणीतली एक मोठी फाइल. ती एका मशीनला जोडता येते, तर दुसऱ्यालाही जोडली की झालं, असं नवख्या माणसाला वाटतं. नेमका इथेच घात होतो.

एक्सट४ किंवा एनटीएफएस या नेहमीच्या फाइल सिस्टीम एक गोष्ट गृहीत धरून चालतात: डिस्कला मालक एकच. कोणती जागा रिकामी, कोणती भरलेली, याची नोंद त्या डिस्कवरून एकदा वाचतात आणि मेमरीत ठेवतात. एका कार्यालयात खातेवही एकच आहे, पण दोन कारकुनांनी सकाळी तिच्या पानांच्या झेरॉक्स काढून घेतल्या आणि दिवसभर झेरॉक्स बघून मूळ वहीत नोंदी केल्या, तर काय होईल? दोघांनाही तीच ओळ रिकामी दिसेल. पहिल्या मशीनने जिथे एक फाइल लिहिली, तिथेच दुसरं मशीन दुसरी फाइल लिहून टाकतं. वाईट म्हणजे त्या क्षणी कुठेही चूक दिसत नाही. कधीतरी मशीन पुन्हा सुरू होतं, डिस्कची तपासणी होते आणि तेव्हा कळतं, की आतला बराच डेटा गेलेला आहे.

दुसरं मशीन फक्त वाचणार असेल तरी धोका टळत नाही. मेमरीतली जुनी नोंद पाहून ते चुकीच्या जागचं काहीतरी वाचतं. शिवाय एक्सट४ ‘फक्त वाचण्यासाठी’ म्हणून जोडली, तरी जर्नलमध्ये अर्धवट कामं शिल्लक असतील तर ती आधी पूर्ण करते. म्हणजे डिस्कवर लिहितेच!

यातून सुटण्याच्या वाटा दोन. पहिली म्हणजे डिस्क दोघांना जोडलेली ठेवायची, पण वापर एका वेळी एकानेच करायचा. विंडोजच्या फेलओव्हर क्लस्टरची जुनी पद्धत हीच. दुसरी म्हणजे सामायिक वापरासाठीच घडवलेली फाइल सिस्टीम वापरायची. जीएफएस२ आणि ओसीएफएस२ या अशा दोन सिस्टीम २००६ साली लिनक्सच्या कर्नलमध्ये आल्या. त्यात प्रत्येक नोड काही लिहिण्याआधी नेटवर्कवरून इतरांकडे त्या भागाचं कुलूप मागतो. ऑरॅकलचा रॅक डेटाबेस हा समन्वय स्वतःच करतो.

पण नोडमधलं नेटवर्कच तुटलं तर? दोघंही जिवंत, दोघांनाही वाटतं समोरचा गेला, आणि दोघंही डिस्कचा ताबा घ्यायला धावतात. याला ‘स्प्लिट ब्रेन’ म्हणतात. त्यावर पहिला उपाय म्हणजे मतदान. दोन नोडची दोन मतं, म्हणून एका छोट्या साक्षीदार डिस्कचं तिसरं मत. ज्याच्याकडे बहुमत तोच चालू राहणार. पण हरलेला नोड गोठलेला असेल आणि मिनिटभराने जागा होऊन आपलं उरलेलं लिखाण उरकू लागला तर बहुमताचा काही उपयोग नाही. म्हणून त्याला सक्तीने बाहेर काढावं लागतं. एक तर त्याची वीजच तोडायची, नाहीतर डिस्कलाच सांगायचं की याचं लिखाण स्वीकारू नको. एससीएसआय-३ च्या पर्सिस्टंट रिझर्व्हेशनमध्ये प्रत्येक नोड डिस्ककडे आपली किल्ली नोंदवतो. जिंकलेला नोड हरलेल्याची किल्ली रद्द करतो आणि डिस्क त्याला नकार देते. सामायिक डिस्क वापरताना हा भाग ‘नंतर बघू’ म्हणून सोडणं महागात पडतं.

आता व्हर्च्युअल जगाची खास गुंतागुंत. व्हीएमवेअरमध्ये मशीन सुरू झालं की त्याच्या डिस्कच्या फाइलला कुलूप लागतं आणि तीच डिस्क मागणारं दुसरं मशीन सुरूच होत नाही. त्रासलेला माणूस शोधाशोध करतो, त्याला ‘मल्टी-रायटर’ नावाचा पर्याय सापडतो आणि दोन्ही मशीन सुरू होतात. पण या पर्यायाने फक्त कुलूप निघतं, समन्वय मिळत नाही. तो ऑरॅकल रॅकसारख्या, स्वतःची शिस्त स्वतः पाळणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी आहे. विंडोजच्या क्लस्टरसाठी वेगळा एससीएसआय कंट्रोलर जोडून त्यावर ‘बस शेअरिंग’ निवडावं लागतं: दोन्ही मशीन एकाच होस्टवर असतील तर ‘व्हर्च्युअल’, वेगवेगळ्या होस्टवर असतील तर ‘फिजिकल’. दोन्ही एकाच होस्टवर ठेवणं सरावापुरतं ठीक. तो होस्ट गेला की दोन्ही नोड सोबतच जातात.

व्हीएमएफएस साठवणीवर अशी डिस्क पूर्ण आकाराची, आधीच शून्यांनी भरलेली लागते. व्हर्च्युअलबॉक्समध्येही सामायिक डिस्क ठरावीक आकाराचीच हवी. लागेल तशी वाढणारी डिस्क चालत नाही, कारण वाढीचा हिशोब दोघांनी एकाच वेळी बदलला तर पुन्हा तोच झेरॉक्सचा घोळ. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये व्हर्च्युअल डिस्क अशी वाटून घेण्याची सोय विंडोज सर्व्हर २०१२ आर२ पासून आली. मल्टी-रायटर डिस्कचा स्नॅपशॉट घेता येत नाही, त्यामुळे बॅकअप मशीनच्या आतूनच घ्यावा लागतो. आणि तो घ्यावाच लागतो: नोड दोन असले तरी डेटाची प्रत एकच असते.

क्लस्टर उभं राहिलं की बहुतेक जण एक नोड रीतसर बंद करतात, दुसरा काम हाती घेतो आणि सगळे खूश होतात. ही सोपी परीक्षा झाली. अवघड परीक्षा म्हणजे दोन्ही नोड चालू ठेवून, डिस्कवर लिखाण सुरू असताना, त्यांच्यामधलं नेटवर्क तोडायचं आणि हरलेल्या नोडचं लिखाण खरंच थांबतं का ते बघायचं. ही परीक्षा खरा डेटा डिस्कवर चढवण्याआधी घेतलेली बरी.