‘रिटेन्टिव्ह’ : अर्थ, उगम आणि अध्यापन

इंग्रजी ग्रंथांत ‘रिटेन्टिव्ह मेमरी’ हा शब्दप्रयोग शिक्षकांच्या दृष्टीस वारंवार पडतो. ‘चांगली स्मरणशक्ती’ असा त्याचा स्थूल अर्थ सांगून आपण पुढे जातो. परंतु या विशेषणाची घडण पाहिली असता अध्यापनाच्या दृष्टीने विचार करण्याजोगे बरेच काही त्यात आढळते.

‘रिटेन्टिव्ह’ म्हणजे धारणक्षम. आत आलेले निसटू न देता राखून ठेवणारे. उच्चारात आघात मधल्या ‘टेन्’वर येतो. स्मृतीप्रमाणे जमिनीलाही हे विशेषण लावतात. ओल दीर्घकाळ टिकवून धरणारी जमीन ती ‘रिटेन्टिव्ह’. आपल्याकडील कपाशीची काळी जमीन हे त्याचे उत्तम उदाहरण होय. मुरमाड जमिनीतून पाणी लवकर निथळून जाते. संस्कृतात हाच भाव ‘धारणा’ या शब्दाने व्यक्त होतो. ‘मेधा’ म्हणजे धारणायुक्त बुद्धी, असे कोशकार सांगतात.

लॅटिन भाषेत ‘टेनेरे’ म्हणजे धरणे. त्यास ‘मागे’ या अर्थाचा ‘रे’ हा उपसर्ग लागून ‘रेटिनेरे’, म्हणजे मागे धरून ठेवणे, हे क्रियापद झाले. त्यापासून बनलेले विशेषण फ्रेंचमार्गे १४व्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास इंग्रजीत आले. रिटेन, कंटेन, डिटेन, मेन्टेन हे शब्द याच कुळातले. जागा धारण करणारा तो ‘टेनन्ट’, आणि दुसऱ्याचे स्थान धरणारा तो ‘लेफ्टनंट’. दहा या अर्थाच्या ‘टेन’शी मात्र यांचा संबंध नाही, हे मुलांना अवश्य सांगावे.

‘टेनेरे’चे मूळ आणि संस्कृत ‘तन्’ धातू एकच आहेत. ‘तन्’ म्हणजे ताणणे; तंतू, तान, ताणणे हे आपले शब्द त्यातूनच आले. ‘अटेन्शन’ हा शब्दही त्याच मुळाचा असून, मन एखाद्या विषयाकडे ताणून लावणे हा त्याचा मूळ अर्थ आहे. अवधान आणि धारणा यांचे हे नाते तत्त्वज्ञांनीही ओळखले होते. जॉन लॉक याने १६९० च्या आपल्या मानवी आकलनविषयक निबंधात ‘रिटेन्शन’वर स्वतंत्र प्रकरण लिहून, अवधान व पुनरावृत्ती यांनी कल्पना स्मृतीत स्थिर होतात असे प्रतिपादन केले.

या विशेषणाचा एक जुना उपयोग वैद्यकातला आहे. इसवी सनाच्या २ऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन याने शरीराच्या आकर्षण, धारण, पचन आणि उत्सर्जन अशा शक्ती मानल्या. त्यांतील धारणशक्तीस युरोपातील मध्ययुगीन वैद्य हेच विशेषण लावीत. पचन होईपर्यंत अन्न जठरात धरून ठेवणे, हे तिचे कार्य. म्हणजे धरून ठेवणे हे पचविण्यासाठी होते! ते शरीरशास्त्र आज मागे पडले असले, तरी त्यातील बोध शिक्षकाने विसरू नये. घडाघडा म्हटलेली कविता मुलाने धरली आहे; ती पचली की नाही, हे त्यास स्वतःच्या शब्दांत अर्थ सांगावयास लावल्यावरच कळेल.

पुनरावृत्तीचेही शास्त्र आहे. हेरमान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून केलेले प्रयोग १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. पाठ केलेले प्रारंभी झपाट्याने आणि नंतर सावकाश विसरले जाते, तसेच एकाच बैठकीतील घोकंपट्टीपेक्षा अनेक दिवसांत विभागलेली उजळणी अधिक लाभदायक ठरते, असे त्यास आढळले.

यावरून वर्गासाठी पुढील गोष्टी निष्पन्न होतात :

१. पाठ आरंभण्यापूर्वी मुलांचे अवधान मिळवावे.

२. नवा शब्द परिचित वस्तूशी जोडावा. कुंड्यांत काळी माती व मुरूम घालून सारखेच पाणी ओतावे आणि कोणत्या कुंडीतून ते आधी निथळते, हे मुलांना पाहू द्यावे.

३. शिकविलेल्याची उजळणी दुसऱ्या दिवशी, पुढील आठवड्यात आणि पुढील महिन्यात थोडी थोडी घ्यावी.

‘पालथ्या घड्यावर पाणी’ असे आपण एखाद्या मुलाविषयी सहज म्हणून जातो. परंतु पालथा घडा फुटका नसतो. तो उलथा करावा लागतो. म्हणून वर्णनात्मक नोंदीत ‘स्मरणशक्ती मंद’ असे लिहिण्यापूर्वी त्या मुलाचे अवधान, त्याचे आकलन आणि त्यास मिळालेली उजळणी या तिन्हींची तपासणी करावी. एकदा कागदावर उमटलेला शेरा मुलाच्या मागे अनेक वर्षे लागतो.