न पोचणाऱ्या ईमेलचा शोध

ईमेल परत आल्यास सोबतच्या सूचनेतील तीन आकडी संकेतांक आधी पाहावा. ४ने सुरू होणारा संकेतांक तात्पुरती अडचण, तर ५ने सुरू होणारा कायमचा नकार दर्शवतो. ईमेल निमूटपणे स्पॅममध्ये गेल्यास मात्र शोध किचकट होतो, कारण १९८२मध्ये प्रमाणित झालेल्या एसएमटीपी या ईमेल-वहनाच्या नियमावलीत प्रेषकाची ओळख पडताळण्याची सोयच नव्हती. ही उणीव पुढे एसपीएफ, म्हणजे डोमेनच्या वतीने ईमेल पाठवू शकणाऱ्या सर्व्हरांची जाहीर यादी, आणि डीकेआयएम, म्हणजे ईमेलवरील डिजिटल स्वाक्षरी, यांनी भरून काढली. पडताळणी फसल्यास काय करावे, हे डीमार्क सांगते. जीमेलवर दिवसाला सुमारे ५,००० ईमेल धाडणाऱ्यांना फेब्रुवारी २०२४पासून ही तिन्ही अनिवार्य आहेत. फॉरवर्ड केलेल्या ईमेलबाबत एसपीएफ अनेकदा विनाकारण फसते, कारण मधला सर्व्हर त्या यादीत नसतो. अशा वेळी अबाधित राहिलेली स्वाक्षरीच उपयोगी पडते.