दगडांमधली दर्ज

सकाळी आठच्या आत पोहोचलं तर मिस्त्री चुन्याची परीक्षा घेताना सापडतात. हौदातून ओंजळभर चुना काढायचा, हातातल्या हातात त्याचा गोळा वळायचा आणि छातीच्या उंचीवरून तो फळीवर सोडायचा. पसरला तर पाणी जास्त झालं. भेगाळला तर मळण कमी पडली. किंचित चपटा होऊन जागच्या जागी बसला, तरच त्या दिवशी भरणीचं काम. मी पहिल्यांदा गेले त्या सकाळी गोळा भेगाळला. मिस्त्रींनी तो उचलून पुन्हा हौदात टाकला. "आज न्हाई, ताई. उद्या बगू." सहा माणसं कामावर आलेली होती. ती सगळी दिवसभर जुन्या दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, खरवडत बसली.

वाई आणि सातारा यांच्या मधल्या पट्ट्यात, कृष्णेच्या काठी, एका लहान शिवालयाचं हे काम चाललं होतं. गाभारा, सभामंडप, समोर नंदी आणि मागे नदीत उतरणाऱ्या दहा-बारा पायऱ्या. पावसाळ्यात पायऱ्या बुडतात, एखाद्या वर्षी नंदीही बुडतो. तीसेक वर्षांपूर्वी गावानं वर्गणी काढून, मोठ्या श्रद्धेनं, या देवळाच्या सगळ्या दर्जा सिमेंटनं भरून घेतल्या होत्या. देऊळ आता आणखी शंभर वर्षं टिकेल, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं. काही वर्षांनी उत्तरेकडच्या भिंतीला पोट आलं.

पोट का आलं, हे मला मिस्त्रींनी बोलून सांगितलं नाही. फुगलेल्या भागातला एक दगड त्यांनी काढला आणि मला आत हात घालायला लावला. एप्रिल महिना होता, बाहेर पायऱ्यांवर अनवाणी उभं राहवत नव्हतं. आत मात्र गार चिखल होता. मनगटापर्यंत हात गेला तरी चिखलच लागत होता.

"आतलं पानी जाणार कुठनं?" ते म्हणाले. "वाट बुजवली न्हवं?"

दगडी भिंत बाहेरून दिसते तशी आरपार दगडाची नसते. बाहेर घडीव दगडांचा एक पदर, आत दुसरा आणि दोहोंच्या मधे गोटे, मुरूम आणि चुना यांचा भरलेला गाभा. मधूनमधून एखादा लांब दगड दोन्ही पदरांना धरून ठेवतो. आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, पाणी फारसं पीत नाही, सोडतही नाही. पण पाणी आत येतंच. शिखराच्या फटीतून येतं, जमिनीतून चढतं, पुराच्या दिवसांत चहूबाजूंनी येतं. त्याला बाहेर पडायला एवढीच वाट असते, ती चुन्यानं भरलेल्या दर्जेची. चुना सच्छिद्र असतो, तो ओल शोषतो आणि उन्हात ती सोडून देतो. सिमेंट घट्ट बसतं आणि ही वाट बंद करतं. मग पाणी गाभ्यातच राहतं, मुरमाची माती होते, माती खाली बसते आणि बाहेरचा पदर सुटून पुढे येतो. चुन्याची दर्ज झिजते, हे खरं. ती झिजावी म्हणूनच असते. दगडाऐवजी तिनं झिजायचं आणि पंचवीस-तीस वर्षांनी कोणीतरी येऊन ती पुन्हा भरायची, असा तो जुना करार होता. आपण तो मोडला.

भिंत उतरवण्याआधी प्रत्येक दगडावर गेरूनं खूण केली गेली. थराला अक्षर, दगडाला आकडा. ग-७ नावाचा एक दगड माझ्या चांगला लक्षात राहिला, कारण त्याच्या मागच्या बाजूनं पिंपळाचं मूळ पसरलं होतं, मनगटाएवढं जाड. गावानं हा पिंपळ अनेकदा वरून तोडला होता. पिंपळ असा जात नाही. वरून छाटला की आत मुळं जास्तच जोर धरतात. ग-७ सकट अकरा दगड उतरवून ते मूळ अखंड बाहेर काढायला दोन दिवस गेले. दगडांच्या मागच्या, कधीच न दिसणाऱ्या अंगावर टाकीचे घाव इतके ताजे होते, की पाथरवट नुकताच जेवायला उठून गेला असावा असं वाटलं.

चुन्याबद्दल मी पुस्तकात वाचलं होतं, पण तो मळताना पाहिल्यावर वाचलेलं नीट समजलं. चुनखडी भट्टीत साधारण ९०० अंशांवर भाजली की तिच्यातला कर्बवायू निघून जातो आणि चुनकळी उरते. चुनकळीवर पाणी पडलं की ती सळसळते, तापते, फुटते. हा विरलेला चुना हौदात पाण्याखाली मुरत ठेवतात. जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. भिंतीत गेल्यावर तो हवेतला तोच कर्बवायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे दगड भाजून पीठ केलं आणि भिंतीत नेऊन पुन्हा दगड केला. शेवटच्या या टप्प्याला घाई चालत नाही. वरचा पापुद्रा काही आठवड्यांत घट्ट होतो, आतल्या भागाला वर्षं लागतात.

सह्याद्रीच्या या काळ्या कातळात चुनखडीच्या मोठ्या खाणी नाहीत. जुन्या लोकांनी नदीकाठच्या आणि काळ्या रानातल्या पांढऱ्या खड्यांचा चुना केला. त्या खड्यांत मुळातच थोडी माती असते आणि त्यामुळे हा चुना ओलसर जागीही घट्ट होतो. घाटाच्या बांधकामाला असाच चुना हवा. चुना, वाळू आणि विटांची भुकटी म्हणजे सुरखी दगडी चाकाखाली मळायची. बैलांनी ओढायची अशी घाणी वासोटा किल्ल्याच्या माथ्यावर आजही पाहायला मिळते. एवढ्या जंगलात, एवढ्या उंचीवर चुना मळला गेला होता, हे तिथं उभं राहिल्यावर कळतं. इथल्या देवळाजवळची घाणी मोटारीवर फिरत होती, पण चाक दगडाचंच होतं. बाजूला एका पिंपात हिरडा आणि बेलफळाचा गर भिजत होता, दुसऱ्यात गूळ विरघळवलेला. गुळानं चुना जास्त चांगला मिसळतो, बेलफळाचा चिकटा त्याला धरून ठेवतो. वास मात्र विलक्षण येतो, आंबूस आणि गोड. एक म्हातारी आजी रोज काठी टेकत यायची, पिंपाजवळ थांबायची आणि म्हणायची, "आमच्या घराला बी असाच वास होता गं."

दुपारी काम थांबलं की मी आसपास हिंडायचे. पाण्याच्या वाटेचा विचार डोक्यात बसल्यावर नेहमीची ठिकाणंही वेगळी दिसायला लागली. वाईचा ढोल्या गणपती मी लहानपणापासून पाहिला आहे. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलेलं ते मंदिर अगदी नदीत उभं आहे. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी तिच्यावर आपटण्याऐवजी दोन्हीकडे फुटून जावं म्हणून. पाणी अडवायचं नाही, वळवायचं. मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागचा घाटही असाच नदीला जागा देऊन उभा आहे. पूर पायऱ्यांवर चढतो, उतरतो. गाळ धुतला की घाट पुन्हा तोच.

लिंब गावची बारा मोटांची विहीर तर पाण्याशी माणसानं धरलेल्या मैत्रीचं मोठंच काम आहे. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, विरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. खोली सुमारे ११० फूट, व्यास सुमारे ५० फूट. एकाच वेळी बारा मोटा चालत आणि ३,३०० झाडांच्या आमराईला पाणी जाई. मोटांच्या जागेखाली चक्क महाल आहे, आणि पायऱ्या उतरून त्या गारव्यात उभं राहिलं की वरचं ऊन खोटं वाटतं. मी तिथं तासभर फक्त दर्जा पाहत बसले. दगडाला दगड असा भिडवलेला, की नख जाणार नाही.

अशा जागा लोक आता पाहायला जाऊ लागले आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. बारवांमधला गाळ काढणारे, महाशिवरात्रीला त्यांच्या पायऱ्यांवर पणत्या लावणारे तरुण गावोगावी दिसतात. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यांत साताऱ्याचा प्रतापगड आहे. पण मला धास्ती वाटते ती याच प्रेमाची, जेव्हा ते घाईनं येतं. जीर्णोद्धार हा केवढा सुंदर शब्द. जे जीर्ण झालं त्याला वर उचलायचं. आज गावात हा शब्द ऐकला की मला पोटात गोळा येतो. जुनं उतरवून स्लॅबचं देऊळ, गाभाऱ्यात टाइल्स, शिखराला ऑइल पेंट. मग कोणीतरी सांगतं की रंग काढा, खाली दगड छान आहे. आणि वाळूचा जोरदार मारा करून रंगाबरोबर दगडाचा वरचा पापुद्राही काढून टाकतात. मूर्तींची नाकं, बोटं, कंबरपट्ट्याची कड, सगळं बोथट होतं. ज्यांनी पैसे दिले त्यांच्या भक्तीत काडीचाही खोटेपणा नसतो, म्हणूनच ते जास्त लागतं. या शिवालयाच्या गावातही समितीची दोन माणसं रोज येऊन म्हणायची, "स्लॅब टाकला असता तर एव्हाना कलश बसला असता." मिस्त्री त्यांना खुर्ची द्यायचे, चहा द्यायचे आणि ग-७ च्या जागेतला चिखल दाखवायचे. तिसऱ्या आठवड्यात त्यातल्या एकानं स्वतः गोळा टाकून पाहिला.

मी हे काम पाहायला का गेले, तेही सांगायला हवं. सांगलीच्या गावभागात माझ्या माहेरचा वाडा आहे. खाली दगडी जोतं, वर पांढऱ्या मातीत रचलेल्या विटा, सोप्यात सागवानी खांब. प्रत्येक खांब दगडी तळखड्यावर उभा, म्हणजे लाकडाचा पाय जमिनीला लागत नाही. सांगलीत पूर मोजायचा तो १९२९ च्या आयर्विन पुलापाशी. धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि आमच्या सोप्यात छातीभर आलं. ते ओसरल्यावर आम्ही सगळे घाबरलेले होतो. पाणी पुन्हा आत शिरू नये, एवढंच सुचत होतं. शेजारच्या हरिपूरची जमिनीखालची हळदीची पेवं २००५ च्या पुरानं कशी खचवली, हे आम्ही ऐकून होतो. एका ठेकेदारानं सांगितलं, खालच्या चार फुटांना सिमेंटचा गिलावा करा, विषय संपेल. दादानं मला फोन करून विचारलं. मी हो म्हणाले.

दोन पावसाळ्यांत ओल गिलाव्याच्या वर निघाली. आधी भिंतीतल्या देवळीच्या खाली, मग देवळीच्या वर, मग कडीपाटापासून हातभर अंतरावर. चार फुटांत बाहेर पडू न शकलेलं पाणी भिंतीतून वर चढत होतं. विटांच्या मधली माती हाताला येऊ लागली. तळखड्यांभोवती सिमेंट इतकं चढवलं होतं, की खांबांचे पाय त्यात पुरले गेले. एका खांबाच्या बुडात सुरी सहज गेली, तेव्हा आई काही बोलली नाही. ती फक्त त्या खांबाला हात लावून उभी राहिली. तिच्या लग्नात त्याच खांबाला केळीचा खुंट बांधला होता.

मिस्त्री वाडा पाहायला आले ते शिवालयाचं काम संपल्यावर. देवळाच्या नव्या दर्जा तेव्हा ओल्या गोणपाटाखाली झाकलेल्या होत्या. त्यांच्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायची जबाबदारी ते त्या समितीतल्या माणसावर सोपवून आले होते. सोप्यात फिरून त्यांनी गिलाव्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, जिथं पोकळ वाजलं तिथं खडूनं फुल्या केल्या. मला वाटलं आता चुना मळायचा. ते म्हणाले, "सिमीट काढा आन् भिंत उगडी ठिवा. एक उन्हाळा जाऊ द्या. वाळली म्हणजे मला फोन करा."

"आणि तोपर्यंत काय करायचं, मामा?"

"काय न्हाई. खिडक्या उगड्या ठिवायच्या."

जानेवारीत गिलावा उतरवला. खांबांचे पाय मोकळे केले, सडलेल्या खांबाला टेकू दिला. ओल जिथवर होती तिथं दादानं पेन्सिलीनं आडवी रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो रेघ मारतो आणि आईला हाक मारून दाखवतो. मार्चची रेघ देवळीच्या वरच्या काठाला होती. एप्रिलची देवळीच्या मध्यावर. मेमध्ये आईनं स्वतःच रेघ मारली, देवळीच्या खाली चार बोटं, जराशी तिरकी.